वडनाथाची पोथी आणि सत्तावीस देशांची वर्गणी

सगळ्यात आधी आला तो काकासाहेब, हातात सातबारा आणि एकाच पायात चप्पल. (पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायचा असतो, हे मला चौथीपर्यंत शिकवलेलं आहे, वन्सं, तो येतोच आहे. पण शेजारी दारात धापा टाकत उभा असताना नमस्कार कुणाला सुचतो.) आमच्या अंगणात कॅमेऱ्याची तीन पायांची घोडी उभी राहिलेली त्याने त्याच्या गच्चीवरून बघितली आणि रस्त्याची मोजणी आली असं समजून तो धावत सुटला. मागच्या मोजणीत त्याच्या बांधावरची बाभूळ गेली, तेव्हापासून तीन पायांचं काहीही दिसलं की तो सातबारा बाहेर काढतो. त्याच्या पुतण्याच्या लग्नात व्हिडिओवाल्याने स्टँड लावला तेव्हासुद्धा हा अक्षता टाकायच्या सोडून घरी कागद आणायला गेला होता. तर आला आणि घोडीजवळ उभ्या असलेल्या गोऱ्या बाईंना म्हणाला, "माझी हद्द वडापासून धरा बरं का, आधीच सांगून ठिवतो." बाईंना मराठी येत नाही. त्यांनी दोन्ही हात पुढे करून तो सातबारा घेतला, डोक्याला लावला आणि काळ्या कापडावर पसरून त्याचे तांबड्या, हिरव्या, निळ्या उजेडात फोटो काढले. त्यांना वाटलं, आपण जी पाहायला आलो ती पोथी हीच. आता काकासाहेबाची पावणेदोन एकर जिरायत युरोपात गेली आहे आणि तो गावभर सांगतो आहे की हद्द आता तिकडूनच पक्की झाली.

आता नमस्कार. देवळाली प्रवरा मुक्कामी सौ. छबूवन्सं यांना झुंबरचा वाकून नमस्कार. वयाने तुम्ही धाकट्या, पण नणंद ती नणंद. तुमचा गुडघा काय म्हणतो? दाजींची साखर आटोक्यात आहे का? (सगळा तालुका ऊस लावतो आणि साखर माणसांच्या रक्तात साठते, हे मला काही न्याय्य वाटत नाही.) पूजाला दुसरा मुलगा झाल्याचं आम्हांला राहुरीच्या भांडेवालीकडून कळलं. असं तिसऱ्याकडून कळायला नको होतं, पण कळलं हेही काही कमी नाही. बाळाला माझा मुका. इकडे सगळे खुशाल. आदिनाथ कपाशीच्या मागे आहे, आरती आदिनाथच्या मागे आहे, आणि नात संस्कृती शेवगावच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते आहे. तुमचे दादा खुशाल आहेत, पण त्यांच्यावर मी नंतर येते. तुम्ही फोन उचलत नाही याचा राग नाही. फोन न उचलणं सोपं असतं, वाजून वाजून तो आपला आपण गप्प बसतो. पत्राचं तसं नसतं, ते पोस्टमन उंबऱ्यात टाकून जातो आणि ओलांडायला तरी वाकून बघावं लागतं. म्हणून पत्र. मला तुमच्याकडून काही नको आहे, हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे तुम्ही निर्धास्तपणे शेवटपर्यंत वाचाल.

पाहुणे दोन. एक केदार, पुण्याच्या एका संस्थेत जुन्या कागदांचं काम करतो, तिशीचा, सडपातळ, आणि पोथीच्या पानाला हात लावण्याआधी असा श्वास रोखतो की मला त्याचीच काळजी वाटते. दुसऱ्या योहानाबाई, बेल्जियम देशाच्या, पन्नाशीच्या, उंच इतक्या की आमच्या चौकटीला रोज कपाळ आपटल्याशिवाय आत येणं झालं नाही. (चौथ्या दिवशी आरतीने चौकटीवर उशी बांधली.) संस्कृतीने आपल्या वडनाथाच्या पोथीचं एक पान मोबाईलवर काढून तिच्या सरांना दाखवलं होतं, सरांनी पुण्याला पाठवलं, पुण्याने तिकडे. तुमच्या पणजोबांनी बोरूने लिहिलेली पोथी, आपल्याशिवाय तिची नक्कल कुठेच नाही, म्हणून हे आले. मला आधी समजेना की बेल्जियमच्या बाईला आपल्या वडनाथाचं काय पडलं आहे. मग केदारने सांगितलं, की आपण भंडाऱ्याला घरटी वर्गणी काढतो तशी युरोपातल्या सत्तावीस देशांनी मिळून वर्गणी काढली आहे, आणि त्यातून जुन्या पोथ्या, चित्रं, गाणी, दगड अशा वस्तू कॅमेऱ्यात उतरवून ठेवायच्या, की मूळ वस्तू वाळवीने खाल्ली, पुरात गेली किंवा सुनेने रद्दीत घातली (हे उदाहरण माझं, आरती समोरच होती) तरी ती जगाला दिसत राहावी. मी विचारलं, वर्गणीदारांना प्रसाद काय मिळतो? केदार म्हणाला, अहवाल मिळतो. सत्तावीस देश अहवालावर समाधान मानतात आणि आपल्या गावात बुंदी कमी पडली तर पुढच्या वर्षी वर्गणी बंद, हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

नुसते फोटो काढून जाणार नाहीत हो, तो कॅमेरा आणि तो वापरायची विद्या दोन्ही ते इकडेच ठेवणार. त्याला केदारने मोठं सरकारी नाव सांगितलं, तंत्रज्ञान हस्तांतरण, आणि समजावता समजावता त्याचा चहा गार झाला. मी म्हटलं, म्हणजे विरजण. शेजारीण वाटीभर दही देत नाही, चमचाभर विरजण देते. दूध आपलं, भांडं आपलं, आणि दुसऱ्या दिवसापासून दहीही आपलंच. केदारने हे बाईंना त्यांच्या भाषेत सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि शेजारी चमच्याचं चित्र काढलं. आठ वर्षं त्या ह्याच गोष्टीचे अर्ज लिहीत आहेत म्हणे, पण चमचा त्यांना सुचला नव्हता. जिथली पोथी पूर्ण उतरेल त्या गावाच्या हायस्कुलात हे विरजण ठेवायचं, आणि आसपासच्या गावांनी आपापल्या पोथ्या तिथे आणायच्या. आपलं उतरलं तर संस्कृती ते चालवायला शिकणार. (पोरगी तेव्हापासून स्वतःहून लवकर उठते.) कॅमेऱ्याच्या पेटीवर त्या वर्गणीची खूण आहे, निळ्यावर पिवळ्या चांदण्यांचं रिंगण. मी मोजल्या, बारा भरल्या. देश सत्तावीस आणि चांदण्या बारा कशा, हे काकासाहेबाने विचारून झालं, पण मला त्यात काही चूक दिसली नाही. पोथीचे अध्याय बारा, चांदण्या बारा. खूण बरोबर आहे, फक्त आपल्याकडेच अकरा आहेत, असं मी मनात म्हटलं आणि विषय चहाकडे वळवला.

आता माझ्या हातून काय झालं ते ऐका. नवा ट्रॅक्टर दारात आला की आपण काय करतो? नवी मोटर विहिरीवर बसवली की? तेच मी केलं. पहिल्या सकाळी दोघं अंघोळीला गेले असताना मी कॅमेऱ्याला हळदकुंकू वाहिलं, एक बोट त्याच्या काचेच्या डोळ्यालाही लावलं (कपाळ कुठे आहे ते कळेना), आणि शेजारी रंगीबेरंगी चौकटींची एक पट्टी होती तिला देवाचा टाक समजून चांगलं मळवट भरलं. खोबरेल होतंच हाताला. पुढे कळलं की ती पट्टी म्हणजे कॅमेऱ्याची अंकलिपी. तांबडा कशाला म्हणायचं आणि पिवळा कशाला, हे तो रोज सकाळी त्या पट्टीवरून शिकतो, आणि त्या दिवशी तो शिकला की जगात सगळंच कुंकवाचं आहे. केदार खाली बसला. काच त्याने मऊ फडक्याने पुसून काढली, पण पट्टी गेली ती गेली. नवी पुण्याहून मागवायची, दोन दिवस काम बंद. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं, पण योहानाबाईंनी त्या भरलेल्या पट्टीचा स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढला, मला जवळ घेतलं आणि केदारमार्फत कळवलं की त्यांच्या कॅमेऱ्याचं असं स्वागत आजपर्यंत कुणी केलेलं नाही.

त्या दोन दिवसांत रिकामं काय बसायचं, म्हणून केदारने नुसती पोथी बघायला मागितली. मी ती फ्रिजवरून उतरवली. (आता पोथी फ्रिजवर असते, वन्सं. नाक मुरडू नका, घरात तीच जागा उंच, स्वच्छ आणि उंदरापासून लांब आहे.) लाल फडकं सोडलं, पहिला अध्याय समोर ठेवला, केदारने चार ओव्या वाचल्या आणि पान पालटून पुढचं बघू लागला. मी त्याचा हात धरला. उघडलेला अध्याय संपवल्याशिवाय मिटायचा नाही, मधे उठायचं नाही, मधे दुसरं बोलायचं नाही, हा आपल्या पोथीचा नेम त्याला कुणी सांगितला नव्हता. तो म्हणाला, "आजी, मी वाचत नाही, फक्त पान बघतोय." मी म्हटलं, "देवाला काय ठावं तू बघतोयस का वाचतोयस." बसला बिचारा. त्याला चाल येईना, म्हणून मी म्हणत गेले आणि तो डोळ्यांनी माझ्यामागे आला. (पोथीचं जुनं अक्षर मला वाचता येतं ते बेताचंच, पण पन्नास श्रावण ऐकलेली पोथी वाचावी लागत नाही.) आणि पट्टी आल्यावरही तोच नेम राहिला. एका पानाचा फोटो काढायला पोथी उघडली की अध्याय पुरा म्हणायचा. दोन दिवसांचं काम नऊ दिवस चाललं. योहानाबाई मांडी घालून बसायला लागल्या, पहिल्या दिवशी त्यांना उठवायला दोघी लागल्या, पाचव्या दिवसापासून एकट्या उठायला लागल्या. संध्याकाळी माझ्याबरोबर वाल सोलता सोलता त्या आपली चाल गुणगुणायच्या, शब्दांवाचून. काकासाहेब म्हणाला, कीर्तनात हिला टाळ देऊ.

असं करत सातवा अध्याय आला. त्याचं चौथं पान तुम्हांला आठवत असणार, ते सगळं तेलाने काळं झालेलं. त्या पानावर आपण वाचत नाही, तुमच्या आई म्हणायच्या तेच पाठ म्हणतो:

सून असावी पहाटे जागी । हात लावी आधी चुलीच्या आगी ।
सगळे जेवता मग ती मागी । उरले ते गोड मानूनी ॥

ही ओवी मी पन्नास वर्षं म्हणते आहे आणि पन्नास वर्षं उरलेलं जेवते आहे. आरती आली तेव्हा तिलाही ऐकवली. केदार म्हणाला, हे पान आपण न दिसणाऱ्या उजेडात बघू. जुनी शाई काजळीची असते, ती त्या उजेडात तेलाखालून वर येते. न दिसणाऱ्या उजेडात बघायचं म्हणजे काय, ते मला अजून समजलेलं नाही, पण कॉम्प्युटरवर आधी नुसतं राखेसारखं काही आलं, मग त्यातून एकेक अक्षर असं वर आलं जशा कढईत पुऱ्या वर येतात. केदार वाचायला लागला, आणि मी म्हणत होते ते त्यात नव्हतंच. त्यात होतं:

घरा आली परक्याची लेक । तिजला आधी वाढा घास एक ।
मग बैसोत बाकी अनेक । नाथ तेणे संतोषे ॥

मग आरती उठली, आत गेली, स्वतःला ताट वाढून घेऊन आली आणि सगळ्यांच्या मधोमध बसून जेवायला लागली. (अध्याय संपला नव्हता, पण मी गप्प राहिले.) "पोथीत एक घास म्हन्लाय," ती म्हणाली, "पन माझे मागचे लई राहिल्यात." आदिनाथने पाण्याचा तांब्या आणून ठेवला, न सांगता, ही वडनाथाची कृपा. आणि मग तिने एक घास कालवून माझ्या तोंडापुढे धरला. "घ्या आत्याबाई. तुमीबी परक्याचीच लेक." वन्सं, साधा वरणभात होता. मी दुसरा घास मागून घेतला.

तुमच्या आईंची बदनामी करायला हे लिहीत नाही, उलट आता लिहिते ते त्यांच्या बाजूचं आहे. तो माझा पहिला श्रावण. तुम्ही अकरा वर्षांच्या, त्यांच्या शेजारी बसून पानं सरकवत होतात आणि अर्ध्या झोपेत होतात. सगळं गाव बसलेलं. सातव्या अध्यायात समईचं तेल पानावर सांडलं आणि अक्षरं बुडाली. अध्याय मधे थांबवायचा नाही. कुणीही गडबडलं असतं. तुमच्या आई एक ओळ न चुकता पुढे म्हणत राहिल्या, जे तोंडाला आलं ते, चालीत, यमकात, आणि गावाला कळलंही नाही. जे तोंडाला आलं ते सुनेबद्दलच का आलं, हे आता मी सांगते. कारण समईपाशी वाकलेली सून त्यांच्या डोळ्यांसमोर होती, आणि त्यांना ठाऊक नसलं तरी तेलही तिनेच सांडलं होतं. मी समईत तेल घालायला वाकले आणि बुधलीला माझा पदर लागला. त्यांना वाटलं, तुमचा कोपर लागला. समाप्तीनंतर तुमच्या थोबाडीत बसली. मी चुलीपाशी उभी राहून ऐकली आणि काही बोलले नाही. नवी होते, सोळा वर्षांची होते, घाबरले होते. पण पुढची पन्नास वर्षं तर नवी नव्हते. ती थोबाडीत माझी होती, वन्सं. एवढं मोठं यंत्र परदेशातून आणून तेल वर निघालं, तर खालचंही निघू द्यावं, म्हणून लिहिलं.

मी हे योहानाबाईंनाही सांगितलं. मला वाटलं, त्या सुनेची ओवी खोडून टाकतील. त्यांनी खोडली नाही. केदारने समजावलं की एखादी बाई गावासमोर न अडखळता ओवी रचते, ती ओवीही पोथीचाच भाग. खाली मूळ, वर ही, दोन्ही ठेवायच्या. आता त्या पानाशेजारी सत्तावीस देशांच्या दप्तरात नाव चढलं आहे: ओवी रचणार भागूबाई. तुमच्या आईंनी आयुष्यात सही केली नाही, अंगठा उठवला. त्यांचं नाव कवयित्री म्हणून लागलं. ते मी संस्कृतीला चार वेळा वाचायला लावलं, आणि चौथ्या वेळी तुमचे दादा खुर्ची सरकवून पुढे येऊन बसले.

आणि मग केदारने विचारलं, बारावा अध्याय कुठे आहे.

मी सांगितलं, सापडत नाही. (हे खोटं सांगताना पोथी मिटलेली होती, म्हणून फार पाप नाही.) तो कुठे आहे हे ह्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या लग्नात तुमच्या आईंनी सुट्या पानांतून शेवटची नऊ पानं काढून तुमच्या ट्रंकेत ठेवली, की लेक आल्याशिवाय पोथी संपूच नये आणि दर श्रावणात लेकीला यावंच लागावं. सासरच्यांनी सण, पाऊस, पेरणी काहीही कारण सांगितलं तरी देवाच्या समाप्तीला नाही कोण म्हणणार. असा डाव त्यांनाच सुचायचा. आणि तुम्ही येत राहिलात, अकरा वर्षांपूर्वीपर्यंत. त्या वर्षी तुमची एसटी घोडेगावपाशी बंद पडली. दिवेलागणीच्या आत समाप्ती व्हायला हवी, गाव उपाशी खोळंबलेलं, काकासाहेब घड्याळ दाखवतोय. मी म्हटलं, मला पाठ आहे, आणि बारावा म्हणून टाकला. समाप्तीच्या घंटा वाजत असताना तुम्ही दारात आलात, हातात फडक्यातली पानं. घोटभर पाणी न पिता फिरलात.

मला तो पाठ नव्हता. हेही आता निघू द्या. सुरुवात येत होती, शेवट येत होता, मधलं मी रचलं. आदिनाथ निरांजनाच्या ताटापुढे उभा राहून फोनवर खतांच्या पोत्यांचं बोलत होता, त्याच्याकडे बघून जे सुचलं ते म्हटलं:

पुढे येईल ऐसा काळ । कानी धरोनी यंत्र सकळ ।
बोलती एकटे वेळोवेळ । समोरच्यासी अबोले ॥

त्या दिवसापासून काकासाहेब पाथर्डीपर्यंत सांगत फिरतो की आपल्या पोथीत दोनशे वर्षांपूर्वी मोबाईल लिहून ठेवलाय. गेल्या वर्षी तिकडून दोन माणसं ती ओवी ऐकायला आली होती, मी त्यांना पोहे दिले. आता केदार म्हणतो की पानं नसली तर नसू देत, आजी म्हणतात तो अध्याय आपण आवाजात भरू आणि पोथी पूर्ण धरू. गावाला फसवणं वेगळं, गाव आपलंच आहे. सत्तावीस देशांना कसं फसवू. आणि त्यांनी वडनाथाला मोबाईल दिसला असं मानून अजून एक वर्गणी काढली, तर त्याला जबाबदार कोण? मी बाईंपुढे कबूल झाले. त्या इतक्या हसल्या की चौकटीवरच्या उशीला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तुमची ओवीही तुमच्या नावाने ठेवू, पण मग मूळ पानं पाहिजेतच, नाहीतर दप्तरात 'अपूर्ण' असं लागेल आणि कॅमेरा दुसऱ्या गावाला जाईल.

केदारने हे सांगितलं तेव्हा तुमचे दादा बाहेर बाजेवर बसले होते. अकरा वर्षांत त्यांनी ह्या गोष्टीवर एक शब्द काढलेला नाही. पण समाप्तीच्या दिवशी ते दुपारपासून एसटीच्या फाट्यावर जाऊन बसतात, आणि विचारलं तर म्हणतात, पेपर वाचायला बरं पडतं तिथं. शेवगावची शेवटची गाडी गेली की उठून येतात. त्यांना वाचायचा चष्मा लागतो, आणि तो घरी असतो. त्या दिवशी ते आत आले आणि केदारला एवढंच म्हणाले, "पानं कुटं गेली न्हाईत. जिची हायेत तिच्यापाशी हायेत." मग गोठ्यात गेले.

तर इकडची अशी सगळी मजा. पाहुणे कॅमेरा श्रावणापर्यंत इथेच ठेवून गेले आहेत, संस्कृती तो लावायला शिकली आहे आणि सध्या घरात जे दिसेल ते उतरवते. काल तिने माझ्या तव्याचे न दिसणाऱ्या उजेडात फोटो काढले, त्यातून काही मूळ निघालं नाही. बाळाला जपा, दाजींना भात कमी द्या. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुम्हांला काय लिहू ते सुचत नाही, म्हणून दोन्ही.

तुमची वहिनी,
झुंबर

ता. क. संस्कृतीने पत्र वाचलं आणि विचारलं, आजी, ह्यात मागणं कुठे आहे? वर मी काही नको म्हणून लिहिलं, ते खोडायचं राहिलं. बारावा अध्याय हवा आहे. कुरियरने पाठवू नका आणि पूजाच्या नवऱ्याजवळही देऊ नका. ती पानं एकटी प्रवास करत नाहीत, तुमच्या आईंनी ती तशीच दिली आहेत.

आणखी एक ता. क. वर सगळं हसत लिहिलं, पण एक लिहिलं नाही. त्या दिवशी तुम्ही दारातून फिरलात ते मी बघितलं होतं. निरांजनाचं ताट हातात होतं, खिडकी समोर होती. हाक मारली असती तर पोहोचली असती. नंतर सगळ्यांना सांगितलं, वन्सं आलेल्या मला दिसल्याच नाहीत. तुमच्या दादांनाही तेच सांगितलं. काल त्यांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "मला नको सांगू, तिला लिही." म्हणून हे पत्र, कॅमेरा हे निमित्त.

शेवटचं. तुम्ही रविवारीच या, म्हणजे गाडीची धाकधूक नको. पण समजा सोमवारी निघालात आणि घोडेगावला पुन्हा बंद पडली, तर पडू द्या. दोन अध्यायांच्या मधे थांबायला नेमाची हरकत नाही, मी केदारकडून तपासून घेतलं आहे. अकरावा संपवून मी बसून राहीन, प्रसाद झाकून ठेवीन, दिवे लागले तर लागू देत. काकासाहेबाचं घड्याळ मी आधीच काढून घेणार आहे. पाहुण्यांनी परत यायला शब्द दिला आहे तो समाप्तीचा, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारचा.